विनाशिकेसाठी केलेल्या चोवीस स्लीव्ह

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्यातली दहा वर्षं मी तुमची आठवण चांगलीच काढत आले. लेथवर हात कुणी बसवला असं कुणी विचारलं की मी तुमचंच नाव घ्यायचे, आणि घेताना माझा आवाज जरा वर चढायचा. गेल्या वर्षापासून ते बंद झालंय. आता विचारलं तर ‘आयटीआयला शिकले’ एवढंच म्हणते आणि दुसरा विषय काढते. मी तुमच्यावर चिडलेय. तुमच्या घरी काकूंना कळलं तर त्या म्हणतील, गेलेल्या माणसावर चिडून काय मिळतं. काकूंना काय जातंय म्हणायला. त्यांना तुम्ही सगळं सांगितलं होतं. मला नाही सांगितलं.

एमआयडीसीतली माझी शेड तुम्ही एकदा पाहिली होती. तेव्हा एकच लेथ मशीन होतं आणि पत्रे गळायचे. आता तीन लेथ आहेत, एक मिलिंग मशीन आहे, चार माणसं कामाला आहेत. काम नेहमीचंच असतं. सेलूच्या जिनिंगवाल्यांचे रोलर, गंगाखेडकडच्या कारखान्याच्या पंपांचे शाफ्ट, बोअरच्या मोटारींचं बारीकसारीक. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीचा खरेदी अधिकारी शेडमध्ये आला. पांढरा शर्ट, हातात ड्रॉइंगची गुंडाळी. आमच्याकडे झालेला एक शाफ्ट त्याच्या साहेबांनी कुठेतरी पाहिला होता. त्याने ड्रॉइंग टेबलावर पसरलं. एक स्लीव्ह होती, म्हणजे मनगटात जेमतेम शिरेल एवढी धातूची नळी. पंपाच्या शाफ्टवर बाहीसारखी चढवायची. झीज व्हायची ती तिची होते आणि शाफ्ट वाचतो. झिजली की काढायची, दुसरी घालायची. साधी दिसणारी वस्तू, पण मापं इतकी बारीक दिली होती की मी ती दोनदा वाचली.

ड्रॉइंगवर फक्त नंबर होता. कशाचा पंप, कुठे बसतो, काही लिहिलेलं नव्हतं. त्या माणसाला मात्र राहवलं नाही. चहा पिता पिता म्हणाला, “मॅडम, हे युद्धनौकेचं आहे. क्षेपणास्त्रं सोडते ती विनाशिका. बाहेर बोलू नका.” मग स्वतःच बोलत सुटला. परभणी स्टेशनाच्या फलाटापेक्षा लांब नौका, सगळी विजेवर चालणारी. क्षेपणास्त्राला वाट दाखवणारं रडार विजेवर, क्षेपणास्त्र सोडणारी यंत्रणाही विजेवर. वीज जनित्रांची, आणि जनित्रं थंड राहतात ती समुद्राचं पाणी फिरवणाऱ्या पंपांमुळे. पंप बसला तर जनित्र तापून बंद पडतं, आणि मग एवढी मोठी नौका आंधळी होते. नौका तीस-तीस वर्षं चालते. पंप बनवणारा परदेशी कारखाना तेवढा थांबत नाही, त्याने ते मॉडेल कधीच बंद केलेलं. म्हणून तसाच भाग आता इथे करून घ्यायचा. मी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलाय सर, तोही किनाऱ्यावरून. आणि माझ्या हातची वस्तू त्याच्या पोटातून चालणार होती.

बाहेर बोलू नका म्हणाला होता, पण मी अण्णांना बोलले. माझे वडील तुम्हाला आठवतात ना, सेलूत किराणा दुकान, कपाळाला भस्माचे तीन पट्टे. आता ऐंशीच्या पुढे आहेत, गल्ल्यावर भाऊ बसतो. ते नुसते बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि तेल घ्यायला आलेल्या माणसालाही सांगतात, “आमच्या लेकीनं केलेलं सामान लढाईच्या जहाजावर हाय.” ज्या माणसाने एकेकाळी मला सांगितलं होतं की पोरीच्या जातीला लोखंड कशाला, तोच हा माणूस. ते ऐकायला मी महिन्यातून एकदा सेलूला जायला लागले. खोटं कशाला बोलू, त्याचसाठी जायचे.

कामाची एक अट होती. शेडमधलं मोजायचं प्रत्येक साधन प्रयोगशाळेतून तपासून आणायचं, तसा कागद लावायचा, मगच काम सुरू. मी सगळी साधनं पेटीत भरली. त्यात तुम्ही मला दिलेलं तुमचं मायक्रोमीटरही ठेवलं. त्याच्यावर मी काम करत नव्हते, नवी डिजिटल घेतलेली होती. पण ते कपाटात एकटं कशाला राहू द्यायचं म्हणून ठेवलं. कौतुकाने ठेवलं, हे लक्षात घ्या. आठवड्याने कागद आले. बाकी सगळं बरोबर. तुमच्या मायक्रोमीटरसमोर लाल शिक्का. मी प्रयोगशाळेत फोन केला. तिथला मुलगा अगदी सहज बोलला, “मॅडम, जुनं आहे. शून्यावर बरोबर दाखवतंय, पंधरा मिलिमीटरपर्यंत ठीक आहे. वीसच्या पुढे दोन शतांश कमी दाखवतंय. स्क्रू तिथेच घासलाय. कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच मापावर वापरलं असणार.” मी फोन ठेवला. पलीकडे लेथ चालू होतं आणि मला त्याचा आवाज येत नव्हता.

सर, बावीस मिलिमीटर. माझ्या परीक्षेच्या जॉबची, म्हणजे लेथवर करून दाखवायच्या तुकड्याची, ती पायरी बावीस मिलिमीटरची होती. दोन शतांश कमी चालणार होतं, त्याखाली नाही. सोळा पोरं आणि एक मी. बाहेरून आलेले परीक्षक कंटाळलेले, त्यांना परतीची गाडी गाठायची होती. माझा जॉब हातात घेऊन ते म्हणाले, चांगला आहे, मुलगी असून केलंय, करून टाका पास. आणि तुम्ही खिशातून तुमचं मायक्रोमीटर काढलंत. संस्थेचं मोडलेलं होतं म्हणून तुम्ही वर्षभर स्वतःचंच वापरायचात, जिनिंगमध्ये नोकरीला होतात तेव्हापासूनचं. तुम्ही मोजलं. पुन्हा मोजलं. मग म्हणालात, “एकवीस पूर्णांक सत्त्याण्णव. एक शतांशानं गेला.” परीक्षक हसले, म्हणाले, अहो एक शतांश. तुम्ही म्हणालात, “मायक्रोमीटर खोटं बोलत न्हाई साहेब. नापास.” माझ्याकडे बघितलंही नाहीत.

त्याच महिन्यात रेल्वेच्या कारखान्यातून शिकाऊ म्हणून मला बोलावणं आलेलं होतं. आमच्या संस्थेतून दोघांनाच आलं होतं, त्यातली एक मी. पास झाल्याचा कागद घेऊन हजर व्हा, असं होतं. तो कागद नव्हता. माझ्या जागी दुसरं कुणी गेलं. अण्णा म्हणाले, झालं तेवढं पुरे झालं, आणि दोन ठिकाणी स्थळं सांगून ठेवली. मी वर्षभर दुकानात बसून डाळी पाखडल्या. तुम्ही आमच्या घरी आलात, ओट्यावर बसलात आणि अण्णांना म्हणालात, “पोरीला अजून एक वर्ष द्या. तिचा हात लय चांगला हाय.” माझ्या आईने तुम्हाला भाकरी वाढली. मी आतून ऐकत होते आणि तेव्हाही, सर, तेव्हाही मला तुमचा राग आला नाही. मला वाटलं, हा माणूस खरा आहे. माझं नुकसान केलं पण मापाशी बेइमानी केली नाही. चार महिने नुसती कानस घासायला लावलीत तेव्हा राग आला नाही. लेथवर जॉब आवळणाऱ्या चकाची किल्ली चकातच विसरले म्हणून सगळ्या पोरांसमोर अर्धा तास भिंतीशी उभं केलंत, “उद्या कुणाच्या तोंडात बसंल ही, मग रडून दाखवशील,” असं म्हणालात, तेव्हाही नाही. तुम्हीच ना तो, ज्याने वर्कशॉपकडच्या संडासाला आतून कडी नाही हे मी न सांगता ओळखलं आणि दुपारच्या सुट्टीत स्वतः लेथवर कडी करून बसवली. डोळे मिटून धातूचा कीस ओळखायला लावायचात. कुठला कुरकुरीत, कुठला लांब गुंडाळी होऊन येणारा. पोरांना कंटाळा यायचा, मला नाही यायचा. मी तुमच्यावर विश्वास टाकला होता. एवढा कुणावरच टाकला नाही, नवऱ्यावरही नाही.

दुसऱ्या वर्षी मी पास झाले. निकालानंतर तुम्ही सेलूला दुकानात आलात. पोत्यावर बसलात, चहा घेतलात, मग पिशवीतून ती लाकडी पेटी काढलीत. “ठेव. कामाला यील.” मी म्हणाले, सर, हे तुमचं आहे. तुम्ही म्हणालात, “आता तुझं.” चहा संपला तरी तुम्ही उठला नाहीत. काहीतरी बोलायला तोंड उघडलंत, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, गूळ घेऊन गेलं. मग तुम्ही चप्पल घातलीत. मी तुमच्या पाया पडले. सर, मी पाया पडले तुमच्या, त्या पेटीसाठी.

लाल शिक्क्याचा कागद आल्यावर मी बरेच दिवस मनाला समजावलं. तुम्हाला कुठून माहीत असणार. शून्यावर बरोबर दाखवणाऱ्या साधनावर कोण संशय घेतो. पहिल्या खेपेच्या स्लीव्ह करून दिल्या, पास झाल्या, कौतुकाचं पत्र आलं, तरी ते आत कुठेतरी टोचत होतं. मग एके दिवशी सकाळी काकूंकडे गेले. त्या आता धाकट्या मुलीकडे असतात, नजर कमी झालीय. मला आवाजावरून ओळखलं. मी सहज म्हणून मायक्रोमीटरचं काढलं, म्हटलं, काकू, सरांचं ते मायक्रोमीटर वीसच्या पुढे चुकीचं दाखवतं, गंमत आहे ना. त्या मटार सोलत होत्या. हात थांबवला नाही. म्हणाल्या, “गंमत कसली बाई. त्याच्यापायी दोन दिवस जेवले न्हाईत ते. संस्थेत मापाचे नवे ठोकळे आले, त्यावर ह्यांनी आपलं लावून बघितलं. घरी आले ते तोंड काळं करून. म्हणले, पोरगी पास व्हती.”

मी विचारलं, कधी. त्यांना नीट सांगता येईना, पण दिवाळीच्या आधी हे नक्की. म्हणजे मी नापास होऊन चार-पाच महिने झाले होते. रेल्वेची दुसरी यादी लागायची होती. तुम्ही एक अर्ज केला असतात, की माझं साधन सदोष होतं, जॉब पुन्हा मोजावा, तर माझा जॉब तिथेच कपाटात होता. मी म्हणाले, मग त्यांनी वर कळवलं का नाही. काकू म्हणाल्या, “कसं कळवावं. सतरा पोरांचे जॉब त्याच्यावर मोजलेले. नोकरी गेली असती म्हणून भ्यालेले. दोन पोरींची लग्नं व्हायची व्हती आमच्या.” आणि मग त्या म्हणाल्या, “पण तुला तर येऊन सांगितलं ना त्यांनी. सेलूला आलते. घरी आल्यावर म्हणले, सांगून आलो. पोरगी कायबी बोलली न्हाई म्हणले. माफ केलं म्हणले.”

मी काकूंना काही बोलले नाही. आंधळ्या होत चाललेल्या बाईला मी काय सांगणार, की तुझा नवरा तुझ्याशीही खोटं बोलला. मी बोलले नाही कारण तुम्ही सांगितलंच नव्हतं. माझं न बोलणं तुम्ही घरी नेऊन माफी म्हणून वापरलंत. स्कूटरवरून परत येताना मी इतकी संतापले होते की कृषी विद्यापीठाच्या फाटकापाशी थांबून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. तुम्हाला खूप काय काय बोलले मनात. ते इथे लिहीत नाही, लिहिलं तर माझंच तोंड खराब होईल. वर्ष गेलं याचा राग नव्हता एवढा. रेल्वेत गेले असते तर कुठे असते कोण जाणे, ही शेड तरी नसती. राग याचा, की तुम्ही मला चुकीचं साधन बक्षीस म्हणून दिलंत आणि ते चुकीचं आहे हे सांगितलं नाहीत. मी सुरुवातीची सहा-सात वर्षं त्याच्यावर काम केलं. जिनिंगच्या पिना केल्या, पंपाचे शाफ्ट केले. कितीतरी जिनसा माघारी आल्या, ‘घट्ट बसतंय’ म्हणून, आणि मी माझ्या हाताला दोष देत राहिले. एक वाक्य होतं, सर. पोरी, हे वीसच्या पुढे बघू नको. एवढं तरी म्हणायचं होतं. पुढचं सगळं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

दुसऱ्या खेपेच्या सळ्या आल्या त्या त्याच आठवड्यात. धातू पुण्याची कंपनीच पाठवायची. निकेल आणि ॲल्युमिनियम घातलेलं खास ब्राँझ, कारण समुद्राचं पाणी साध्या ब्राँझला खातं. प्रत्येक स्लीव्हवर तो धातू कुठल्या वितळीतून आला त्याचा क्रमांक पंचाने ठोकायचा, आणि त्याखाली आमच्या शेडचा शिक्का. या सळ्यांवर क्रमांक नव्हता. मी फोन केला तर खरेदी अधिकारी म्हणाला, “त्याच वितळीच्या आहेत मॅडम, मागचाच नंबर मारा, कागद तयार आहेत.” चोवीस स्लीव्ह झाल्या. नंबर मारले, शिक्के मारले, पेट्या गेल्या. त्यानंतर उरलेल्या सळीचा तुकडा मी संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला. निकेल नावालाच होतं आणि शिसं भरपूर. उसाच्या चरकाच्या बुशांना चालेल असा धातू. समुद्राला नाही.

मी पुण्याला फोन केला. तो म्हणाला, “लॅब चुकली असेल. तुमचं काम टर्निंगचं आहे मॅडम. धातू आमचा, कागद आमचे.”

“शिक्का माझा आहे,” मी म्हणाले.

“मग पुढच्या वेळी शिक्का मारणारा दुसरा शोधू.”

दोन दिवसांत टेम्पो आला आणि उरलेल्या सळ्या घेऊन गेला. त्याआधी मी एक तुकडा काढून ठेवला होता. मी नौदलाच्या तपासणी कार्यालयाला पत्र लिहिलं, अहवाल जोडला. पंधरा दिवसांनी तिथला निरीक्षक आला. पन्नाशीचा माणूस, कोकणातला असावा, बोलणं सावकाश. मुंबईहून रात्रीच्या गाडीने येऊन स्टेशनवरच तोंड धुऊन आला होता. चहा घेतला नाही, आधी तुकडा बघितला. मग किसाच्या पिंपाशी जाऊन वाकला. पिंप बरेच दिवस रिकामं केलेलं नव्हतं. खाली पहिल्या खेपेच्या लांब गुंडाळ्या, वर दुसऱ्या खेपेचा बाजरीच्या भरड्यासारखा चुरा. त्याने दोन्ही मुठी भरून घेतल्या आणि कागदात वेगवेगळ्या बांधल्या. मग माझ्यासमोर बसला.

“चोवीस गेल्या?”

“चोवीस.”

“तुम्हाला शंका कधी आली?”

“माल गेल्यावर,” मी म्हणाले.

त्याने ते लिहून घेतलं. निघताना म्हणाला, “यात अडचण अशी आहे मॅडम, की हे सुटे भाग आहेत. गोदामात पेटीत पडून राहतात. वर्षभर राहतील, पाच वर्षं राहतील, कुणाला काही कळणार नाही. ज्या दिवशी पेटी उघडतात त्या दिवशी नौका समुद्रात असते, पंप खोललेला असतो आणि दुसरी पेटी जवळ नसते.” मी विचारलं, सापडतील का सगळ्या. तो म्हणाला, शोधतो.

अठरा गोदामात सापडल्या. सहा एका नौकेला देऊन झाल्या होत्या आणि ती निघालेली होती. हे मला संक्रांतीच्या सुमाराला कळलं. निरीक्षकाने स्वतः फोन केला, खरं तर करायची गरज नव्हती. तो म्हणाला, निरोप पोचेपर्यंत सहातल्या दोन बसवून झाल्या होत्या. एक टिकली. दुसरीला खड्डे पडले, तिच्यावरचं पाणी अडवणारं सील गेलं, पंपाच्या खोलीत पाणी भरलं. झडप हाताने बंद करायला एक खलाशी आत गेला, पाण्यात पाय घसरला आणि झडपेच्या चाकात त्याचा हात अडकला. दोन ठिकाणी मोडला. जनित्र काही तास बंद होतं, नौका काम सोडून बंदरात परत आली. आता तो बरा आहे, हातात सळी घातलीय. कंपनीची चौकशी चालू आहे. मी विचारलं, नाव काय त्याचं. ते सांगता येत नाही म्हणाला. कुठला आहे. तेही नाही. वय तरी सांगा म्हटलं. “तेवीस,” तो म्हणाला. आणि मग म्हणाला, “मॅडम, तुमच्या पत्रामुळे बाकीच्या नौका वाचल्या. साहेबांनी आभार सांगायला सांगितलंय.”

अण्णांना ते आभाराचं कुणीतरी सांगितलं. आता दुकानात नवी गोष्ट चालू आहे, की लेकीने जहाज वाचवलं. मी सेलूला जायचं बंद केलंय. भाऊ फोन करून विचारतो, काय झालं, येत का न्हाईस. काम आहे म्हणते. काम नाही. पुण्याचं गेलं, आणि त्यांनी इतर दोन-तीन ठिकाणीही सांगून ठेवलं असावं, की ती बाई कटकटीची आहे. त्याचं मला काही वाटत नाही. माझा राग त्या खरेदी अधिकाऱ्यावर आहे, त्याच्या मालकावर आहे. शिसं मिसळून ते समुद्रात पाठवणाऱ्यांना काय म्हणावं. पण त्यांच्यावरचा राग सरळ आहे, तो आला की मी झोपू शकते. तुमच्यावरच्या रागाने झोप येत नाही, आणि त्याचं कारण आता सांगते. हे काकूंना सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही, निरीक्षकाला तर नाहीच.

माझ्याकडे दुसऱ्या लेथवर एक माणूस आहे. आधी दरवर्षी बायकोपोरांना घेऊन उसाच्या तोडीला जायचा, आठ वर्षांपूर्वी मी त्याला इथे आणलं आणि शिकवलं. तुम्ही मला शिकवलं तसंच, किसासकट. दुसऱ्या खेपेची पहिली सळी त्याने लावली. एक काप घेतला आणि मशीन बंद केलं. मला हाक मारली. “ताई, मागची सळी लय चिवट व्हती. ही लोण्यावानी कापायलीय. बघा की, कीस बी भरड्यासारखा पडायलाय. एकच माल हाय ना?”

मी वाकले. चिमटीत कीस घेतला. डोळे मिटायचीही गरज नव्हती, सर. मला तिथल्या तिथे कळलं. एकही स्लीव्ह झालेली नव्हती, एकही नंबर मारलेला नव्हता. काकूंकडून येऊन मला दोनच दिवस झाले होते. आणि त्या क्षणी माझ्या मनात खलाशी नव्हता, नौका नव्हती, अण्णांचं दुकान थोडंसं होतं. बाकी सगळे तुम्ही होतात. मला वाटलं, हा माणूस गप्प बसला आणि त्याचं काय बिघडलं. मान मिळाला, पेन्शन मिळाली, शिष्य पाया पडले. मग मीच का बोलायचं. मी त्याला म्हणाले, “एकच हाय. चालू ठेव.”

तीन दिवस लागले चोवीस करायला. तीनही दिवस मी शेडमध्येच होते. तो माणूस पुन्हा काही बोलला नाही, कारण ताई म्हणाली म्हणजे असणार. पेट्या गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी मी तुकडा पाठवला. का पाठवला तेही धड सांगता येत नाही. त्या चार दिवसांत तुमच्यावरचा राग थोडा उतरला असेल आणि खाली दुसरं काहीतरी दिसायला लागलं असेल. निरीक्षकाने विचारलं तेव्हा ‘माल गेल्यावर’ हे उत्तर माझ्या तोंडातून इतक्या सहज निघालं की मलाच नवल वाटलं. त्याने माझ्याकडे बघितलं होतं. हातात दोन्ही किसाच्या पुड्या होत्या. टर्नर बाईला हे दोन कीस वेगळे दिसले नसतील यावर त्याने विश्वास ठेवला असेल असं मला वाटत नाही. पण त्याने लिहून घेतलं ते मी सांगितलं तेच.

माझ्या न बोलण्याला तुम्ही जबाबदार नाही, हे मला कळतं. तरी लिहिताना हात पुन्हा पुन्हा तुमच्याकडेच वळतो. तुम्ही सेलूच्या दुकानात ते एक वाक्य बोलला असतात तर मला माहीत झालं असतं की चांगला माणूसही भितो, आणि भिऊन मग उशिरा का होईना सांगतो. मला वाटत राहिलं की खऱ्या माणसाला कधी भीतीच वाटत नाही. मला वाटली, म्हणजे मी तसली नाहीच, असं मी ठरवून टाकलं. हे तुम्ही शिकवायचं राहिलं, आणि त्यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. काकूंना तुम्ही जे सांगितलं होतं ते अजूनही खोटंच आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, काकूंना वाचूनही दाखवायचं नाही. लिहून झालं की ठेवून देणार आहे. मागच्या सोमवारी दुपारी, शेडमध्ये कुणी नसताना, मी निरीक्षकाला फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. “बोला मॅडम,” म्हणाला, आणि थांबला. मी म्हणाले, चुकून लागला.